गुलामाचं पान आणि जामीनदाराची सही

3 लाख येन, महिना 20 टक्के व्याज, तेही चक्रवाढ, मुदत 14 महिने. ‘काइजी’ या जपानी ॲनिमेच्या, म्हणजे कार्टून मालिकेच्या, पहिल्याच भागात सावकाराकडचा एंदो नायक काइजीच्या दारात येऊन हा हिशोब ऐकवतो आणि म्हणतो, आता झाले 38 लाख 50 हजार. मी मोबाईल तिथेच थांबवला आणि कॅल्क्युलेटर ओढला. 1.2 ला 1.2 नेच गुणत गेले. चौदाव्या महिन्याला 12.84 पट आली. वरचे पावणेदोन हजार सोडले तर आकडा तंतोतंत बरोबर.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात एका पतसंस्थेत मी वसुलीचं टेबल बघते. सिनेमात, मालिकेत कर्जाचे आकडे कुणीही कसेही फेकतं, ते मला लगेच खटकतं. इथे लिहिणाऱ्याने व्याज लावून बघितलं होतं. नोबुयुकी फुकुमोतो यांची ही मूळची चित्रकथा 1996 मध्ये सुरू झाली आणि मॅडहाउस या स्टुडिओने 2007 मध्ये तिचे 26 भाग काढले. बेळगावला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा मागे लागला होता, “मावशी, जुगाराचं हाय म्हणून सोडू नको की. तुझ्याच कामाचं हाय बघ.” पहिल्या भागातच त्याचं म्हणणं पटलं.

कारण ते कर्ज काइजीचं नसतंच. फुरुहाता नावाच्या बरोबरच्या कामगाराला तो जामीन राहिलेला असतो. फुरुहाता पसार होतो आणि सावकार सहीवाल्याच्या दारात उभा राहतो. हे बघून कुणाला वाटेल की जपानी लेखकाने गोष्टीसाठी अन्याय वाढवून सांगितलाय. तसं नाही. आपल्याकडेही 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 128 हेच सांगतं: करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला गाठा, तो हाती नाही लागला तरच जामीनदाराकडे या, अशी समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. थकलेल्या खात्यावर पहिली नोटीस जामीनदारालाही जाते. ती हातात घेऊन आलेली माणसं माझ्या टेबलासमोर ज्या चेहऱ्याने बसतात, तो चेहरा एंदोपुढे बसलेल्या काइजीचा आहे.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. बाँड कन्नडमध्ये असतो. सही करणारा असतो जांबोटी-कणकुंबीकडचा मराठी शेतकरी, ज्याची शाळा मराठीत चौथी-पाचवीपर्यंत झाली. मध्ये कुणीतरी असतंच, “काय न्हाई, नेहमीचंच हाय, इथं करा,” म्हणून बोट दाखवणारं. मजकूर वाचता येत नाही तेव्हा सही होते ती समोरच्या माणसाचं तोंड बघून. म्हणून मी आता जामीनदाराला बसवून तो कागद ओळ न् ओळ मराठीत सांगते. वेळ जातो, मागची रांग कुरकुरते. तरी सांगते.

पुढची गोष्ट भरभर सांगते, कारण मला थांबायचंय ते वेगळ्या ठिकाणी. (ज्यांना शेवट माहीत करून घ्यायचा नाही त्यांनी आधी मालिका बघून घ्यावी.) कर्ज फेडायला काइजी एस्पॉयर नावाच्या जहाजावर जातो. तिथे दगड-कागद-कात्रीचा डाव पत्त्यांवर खेळतात. माणशी 12 पत्ते आणि पणाला लावायला 3 तारे. आमच्याकडे जुगाराच्या जहाजासाठी कल्पना लढवावी लागत नाही. जांबोटीवरून कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी आणि पुढे पणजी. मांडवीत कॅसिनोच्या बोटी दिवे लावून उभ्याच असतात. शनिवारी दुपारनंतर त्या रस्त्यावर केए 22 च्या, म्हणजे बेळगावकडच्या, किती गाड्या खाली उतरतात ते जांबोटीतल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, मोबाईलवरची रमी आटोक्यात येईल म्हणून आम्हा वसुलीवाल्यांना बरं वाटलं. पण घाट तिथेच आहे.

जहाजावर काइजीला इशिदा भेटतो. वयाने मोठा, भित्रा, कुणालाही नाही म्हणता न येणारा. तिथे काइजी त्याला वाचवतो. पुढे एका हॉटेलच्या दोन उंच इमारतींमध्ये टाकलेल्या लोखंडी तुळईवरून चालत जायची पाळी येते आणि तिथे दोघं पुन्हा एकमेकांच्या मागेपुढे असतात. पलीकडे पोचलं तरच हातातल्या तिकिटाचे पैसे. मध्यावर इशिदाला कळतं की आपल्याने हे होणार नाही. तो आपलं तिकीट काइजीकडे देतो, हे माझ्या बायकोला पोचव म्हणतो. काइजी पुढे चालू लागतो, मागे बोलत राहतो. मागून उत्तर येत नाही. इशिदा पडलेला असतो. ओरडलो तर पुढच्याचा तोल जाईल, म्हणून तोंडावर हात दाबून पडलेला असतो.

मी हा प्रसंग बघून उठले आणि बराच वेळ काही केलं नाही. भित्रा म्हणून ज्याची ओळख, त्याने शेवटचा श्वास असा खर्च करावा! आयुष्यभर ज्याला काही जमलं नाही त्याला त्या एका क्षणी सगळं नेमकं कळलं होतं: आवाज गेला तर काय होईल, तिकीट कुणाच्या हातात सुरक्षित राहील, कोण शब्द पाळेल. हा भोळेपणा म्हणायचा का? मला तर त्या पुलावरचा सगळ्यात स्वच्छ विचार तोच वाटला.

पलीकडे पोचल्यावर काहीतरी कारण काढून काइजीला पैसे नाकारतात. नाकारणारा टोनेगावा, सूटबूट घातलेला, बोलण्यात पटाईत, म्हाताऱ्या धनी ह्योदोचा उजवा हात. मेलेल्या माणसाचं तिकीट खिशात घेऊन काइजी टोनेगावासमोर पत्ते खेळायला बसतो, आणि मला ज्याबद्दल लिहायचंय तो डाव इथे सुरू होतो.

खेळाचं नाव ई-कार्ड. पानं तीन प्रकारची: सम्राट, नागरिक, गुलाम. एकाकडे 1 सम्राट आणि 4 नागरिक, दुसऱ्याकडे 1 गुलाम आणि 4 नागरिक. सम्राट नागरिकाला मारतो, नागरिक गुलामाला मारतो, आणि गुलाम सम्राटाला मारतो, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. नागरिकासमोर नागरिक आला तर बरोबरी, पुढचं पान. एकूण 12 डाव, दर तीन डावांनी बाजू बदलायची. पैशाच्या जागी काइजीने लावलेला असतो स्वतःचा कान. कानात बसवलेल्या यंत्राची सुई पडद्यापासून 30 मिलिमीटर लांब असते, हरला की लावलेले तेवढे मिलिमीटर आत सरकते. सम्राटाच्या बाजूने जिंकलं तर मिलिमीटरला 1 लाख येन, गुलामाच्या बाजूने जिंकलं तर 5 लाख.

आता याचा हिशोब मांडून बघा, मजा येते. गुलामवाला कधी जिंकतो? त्याचं गुलामाचं पान आणि समोरच्याचा सम्राट एकाच फेरीत पडले तरच. फेऱ्या पाच. दोघांनीही डोळे मिटून आपलं खास पान कधी टाकायचं ते ठरवलं, तर गाठ पडण्याची शक्यता पाचात एक. म्हणजे सम्राटाच्या बाजूला 100 डावांत सरासरी 80 जिंकायला मिळतील, गुलामाला 20. रक्कम मात्र पाचपट. मिलिमीटरमागे सरासरी काढली तर सम्राटाला 80 हजार, गुलामाला 1 लाख. पैशाच्या नजरेने गुलामाची बाजू बरी निघते! पण सुई पैशाच्या नजरेने बघत नाही, ती पाचातल्या चार वेळा आत जाते. हा खेळ रचणाऱ्याने गरिबाचं गणित बरोबर ओळखलंय. गरिबाला सरासरी लागू पडत नाही, कारण सरासरी यायच्या आत त्याचा कान संपतो. कर्जवसुलीत इतकी वर्षं काढल्यावर मला हे कुणी इतक्या थोडक्यात समजावलं नव्हतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. समोरचा खरोखर मनात येईल तसं पान टाकत असेल, तर जगातला कितीही हुशार माणूस ही शक्यता पाचात एकाच्या पुढे-मागे हलवू शकत नाही. टोनेगावा मात्र काइजीचं पान वाचल्यासारखा खेळतो, पुन्हा पुन्हा बरोबर येतो. माझा घाम बघून, माझे डोळे बघून ओळखतो की काय, असं काइजीला वाटत राहतं. जो माणूस इतका बरोबर येतो त्याच्याकडे एकतर दिव्यदृष्टी आहे किंवा चोरी आहे. आमच्याकडेही एखाद्या पिग्मी एजंटचा हिशोब महिनोन् महिने एका पैशाने चुकला नाही, तर साहेब खूश व्हायच्या आधी पावतीपुस्तक मागवतात. काइजी तेच करतो. टोनेगावाची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जाते हे त्याला दिसतं, आणि उलगडतं की कानातलं यंत्र सुई सरकवण्यापुरतं नाही. ते त्याच्या अंगातली धडधड टोनेगावाच्या घड्याळात पोचवतंय.

मग काइजी काय करतो? स्वतःचा कान कापून ते यंत्र वेगळं करतो. हा भाग बघताना मला उशी तोंडाशी धरावी लागली. आणि शेवटच्या डावात काइजीच्या एका पत्त्यावर रक्ताचा डाग पडलेला असतो. टोनेगावाला तो दिसतो. साधा माणूस म्हणेल, डाग आहे तो गुलाम. टोनेगावा साधा नाही. तो म्हणतो, इतका सरळ पुरावा म्हणजे सापळा, याने पानं बदलली आहेत, आता तिथे नागरिक आहे. आणि सम्राट टाकतो. समोर गुलामच निघतो. काइजी त्याला सांगतो त्याचा अर्थ असा की, तू हुशार आहेस म्हणून तू हे पकडणार यावर मी भरवसा ठेवला. गुलामाने सम्राटाला मारलं ते सम्राटाच्याच बुद्धीवर विसंबून.

भाचा म्हणतो इथे तर्क जिंकला. मला ते अर्धंच वाटतं. दोघांकडेही तर्क होता, आणि खरं म्हणजे टोनेगावाकडे जास्त होता. फरक होता तो तर्क कुणापुढे वाकलेला होता यात. काइजीच्या खिशात इशिदाचं तिकीट होतं. त्या पैशाची वाट बघणारी एक बाई होती, तिने कधी काइजीचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिच्यासाठी त्याला खरं काय ते बघणं भागच होतं, मग ते कितीही नकोसं असो. स्वतःसाठी खेळणारा काइजी आळशी आहे, रडका आहे, हे मालिका सुरुवातीपासून दाखवते. दुसऱ्याचं ओझं खांद्यावर आलं की त्याची बुद्धी जागी होते.

टोनेगावाचीही भक्ती आहे, हे विसरू नये. तो ह्योदोचा भक्त आहे. आयुष्यभर त्याच्या मर्जीवर उभा आहे. हरल्यावर ह्योदो त्याला माफी मागायला लावतो: तापवून लाल केलेल्या लोखंडी पत्र्यावर गुडघे टेकून, कपाळ टेकून, 10 सेकंद. मनात खरा पश्चात्ताप असेल तर माणूस कुठेही लोटांगण घालेल, असं त्या म्हाताऱ्याचं तत्त्वज्ञान. टोनेगावा कुणाला हात लावू देत नाही. स्वतःहून वाकतो आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबतो. त्याच्याबद्दल तोपर्यंत मनात नुसता राग होता, इथे डोळ्यांत पाणी आलं. एवढी निष्ठा, एवढी ताकद, आणि पुढे कोण तर माणसाचं भाजलेलं मांस बघून हसणारा ह्योदो! देव चुकला की भक्ती किती मोठी होती याने काही फरक पडत नाही, हे मला त्या पत्र्याजवळ कळलं.

आता एका खऱ्या जामीनदाराबद्दल. त्यांचं नाव-गाव सांगत नाही. कणकुंबीच्या बाजूचे, सत्तरी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. पुतण्याने धंद्यासाठी म्हणून कर्ज काढलं, ते घाटाखाली मांडवीत गेलं, पुतण्याही गेला. हप्ते तात्या भरतात. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढतात, नोटा एका दिशेने लावून काउंटरवर ठेवतात, आणि पावती हातात आल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाहीत.

मी एकदा त्यांना सांगितलं, “तात्या, तुम्ही भरलेले पैसे पुतण्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे. कायद्यात कलम आहे, 145.”

“आसंल की.”

“मग दावा लावा.”

“दावा लावून काय करू बाई? सही मी केलो. पांडुरंगाला म्हाईत ठिवून केलो. आता तो पळाला म्हणून माझी सही पळंल व्हय?”

याला कुणी भाबडेपणा म्हणेल. थांबा, पुढे ऐका. एप्रिल-मे मध्ये काजू विकला की तात्या हप्त्याच्या वर जास्तीची रक्कम घेऊन येतात आणि पहिलं वाक्य असतं, “बाई, हे व्याजात धरू नको. मुद्दलात धर.” शिल्लक मुद्दलावर दिवसांनी व्याज चढतं, त्यामुळे रक्कम महिनाअखेरीपर्यंत घरात ठेवण्यापेक्षा हातात आली त्या आठवड्यात भरलेली बरी, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. एका वर्षी संगणकाने जास्तीची रक्कम पुढच्या हप्त्यांत जमा करून टाकली. तात्यांनी पासबुक बघितलं, बोट ठेवून म्हणाले, मुद्दल उतरलेलं दिसत न्हाई. बरोबर होतं त्यांचं. नोंद फिरवून घेतली. आमच्याकडे वाणिज्य शाखेची पदवी घेतलेले कर्जदार आहेत, त्यांच्यापैकी कुणाला हे उमगत नाही. तात्या इतके काटेकोर आहेत कारण त्यांना ते कर्ज आपल्या डोळ्यांदेखत निल करायचंय. विठ्ठलापुढे उभं राहताना बाकी शून्य हवी.

म्हणून भक्ती एका बाजूला आणि डोकं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी कुणी केली की मला पटत नाही. आमच्या गावच्या सप्ताहात द्यूताचा प्रसंग कीर्तनाला आला होता. नुकताच राजसूय करून चक्रवर्ती झालेला युधिष्ठिर एकेका डावात एकेक भाऊ हरतो, मग स्वतःला हरतो, मग द्रौपदीला लावतो. सम्राट डावाच्या शेवटी गुलाम झालेला असतो. द्रौपदी सभेला काय विचारते? आधी स्वतःला हरला की आधी मला? स्वतः दास झालेला माणूस मला पणाला लावूच कसा शकतो? एवढ्या मोठ्या सभेला त्या प्रश्नाचा निकाल देता आला नाही. भीष्मसुद्धा धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबले. बुवांनी पुढे वस्त्रहरणाचा, श्रीकृष्णाच्या धाव्याचा भाग रंगवला आणि मंडपातल्या बायका रडल्या, मीही रडले. पण माझ्या मनात राहिला तो तिचा आधीचा प्रश्न. वकिलासारखा प्रश्न विचारणारी आणि देवाला हाक मारणारी बाई एकच होती, आणि हे सगळं एकाच सभेत झालं.

राहिली माझी काइजीबद्दलची तक्रार. टोनेगावाला हरवल्यावर हातात पैसे आहेत. त्याने उठायला हवं होतं, इशिदाच्या बायकोचा पत्ता शोधायला हवा होता. तो उठत नाही. ह्योदोसमोर बसतो, चिठ्ठ्या काढायचा खेळ स्वतः रचतो, आपली युक्ती पक्की आहे म्हणून निर्धास्त असतो. म्हातारा ती युक्ती ओळखतो. जिंकलेले पैसे जातात, डाव्या हाताची चार बोटं जातात. भाच्याचं म्हणणं, “टोनेगावाला भाजलेलं बघून कोण उठून जाईल गं मावशी? त्या ह्योदोला सोडायचं व्हय?” राग मलाही आला होता. पण ते पैसे काइजीचे नव्हते. दुसऱ्याची ठेव आपल्या रागासाठी वापरता येत नाही, मग राग कितीही खरा असो. इथेही त्याची बुद्धी पहिल्यासारखीच तल्लख होती, चिठ्ठीची युक्ती सुंदरच आहे. फक्त त्या क्षणी तो कुणासाठी खेळत होता हे त्याच्या लक्षातून गेलं, आणि एवढ्या एका गोष्टीवर मी भाच्याशी जेवणं थंड होईपर्यंत भांडले.

दुसरा सीझन 2011 चा आहे, तोही 26 भागांचा. परवा रात्री सुरू केला. भाच्याला बजावून ठेवलंय, पुढचं काही सांगू नको. इशिदाच्या घरी काही पोचतं का, ते मला माझं मलाच बघायचंय.